पसंतीक्रम

तीन माहितीपत्रकं, तिन्हींच्या मुखपृष्ठावर तोच स्तूप,
एकाच बाजूनं टिपलेला, एकावर जरा पिवळट.
प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृती.
पुरातत्त्व.
भारतविद्या. हिच्यात संस्कृत सक्तीचं,
आणि माझं संस्कृत दहावीच्या वहीतच राहिलं,
पाठ केलेलं, समजलेलं नाही.

गणेशखिंडीच्या खिडकीतले गृहस्थ म्हणाले,
‘फरक? फी बघा. फीमध्ये फरक आहे.’
येरवड्याच्या टेकडीवर, दगडी कमानीखाली,
नखांत माती असलेली एक सिनिअर मुलगी म्हणाली,
‘आम्ही खणतो, ते वाचतात,
तिसरे वाचलेल्यावर भांडतात.
नोकरी तिघांनाही नाही.’
आणि इतकं मोकळं हसली
की मला ती व्हावंसं वाटलं.
हे अर्जात कुठल्या रकान्यात लिहायचं?

घरी तिन्ही अभ्यासक्रम शेजारी पसरून
सारख्या शब्दांखाली रेघा मारत बसले.
सातवाहन तिन्हीकडे. नाणी तिन्हीकडे,
एकीकडे व्यापारात, दुसरीकडे अवशेषांत,
तिसरीकडे लेखांच्या पोटात, चार श्रेयांकांना.
शेवटी सगळं पानच अधोरेखित झालं,
म्हणजे काहीच झालं नाही.

आम्ही तांबट आळीतले. खाली भट्टी, वर आम्ही.
दोन ठोक्यांच्या मध्ये जेवढी जागा उरते
तेवढ्यात मी बारावीपर्यंतची सगळी पुस्तकं वाचली.

विभाग बघायला बोलावलं त्या शनिवारी दादाही आले,
येरवड्यात एक बंब पोचवायचा होता म्हणून.
काचेखाली तळहाताएवढा हिरवा तुकडा.
चिठ्ठी: तांबे. भांड्याचा काठ. काळ अनिश्चित.
दादांनी चष्मा कपाळावर ढकलला,
इतके वाकले की काच श्वासानं धुरकटली.
‘डावखुरा होता,’ म्हणाले.
‘कोण?’
‘करणारा. मठार बघ ना, ठोके उलटीकडनं चढलेत.
आणि हे इथं, इथं घाई केलीय.
संध्याकाळ झाली असंल.
नाहीतर पैसे आधीच मिळाले असतील.’

मागे उभ्या बाईंनी पर्समधून वही काढली.
‘पुन्हा सांगता का, सावकाश?’
दादांना वाटलं, आपलं काही चुकलं.
हात काचेवरून काढून पाठीमागे धरले,
शाळेत उभं केल्यासारखे.
मग सांगितलं. पुन्हा. सावकाश.
बाईंनी ‘मठार’ लिहिताना ‘ठ’ मोठा काढला.

परतताना स्कूटरवर, बंडगार्डनच्या पुलावर,
मी कानाशी ओरडून विचारलं, ‘मी कुठलं घेऊ?’
‘सिग्नल सुटू दे, सांगतो.’
सिग्नल सुटला.
नाही सांगितलं.

शेवटच्या रात्री अप्पा बळवंत चौकातल्या
जिन्याखालच्या कॅफेत अर्ज भरला.
दोन आणि तीन आधी भरून टाकले,
एकचा चौकोन रिकामा, त्यात नुसतीच लुकलुकणारी रेघ.
‘करडे मॅडम, बाराला सर्व्हर झोपतो,’
कॅफेवाला कुलूप हातात खेळवत म्हणाला.
कारण द्या, पन्नास शब्दांत.
मी लिहिलं: मला तो डावखुरा माणूस शोधायचा आहे.
खोडलं. तो सापडणार नाही, एवढं मलाही कळतं.
लिहिलं: त्याला घाई कसली होती, ते विचारायचं आहे.
तेही खोडलं.
‘संशोधनाची आवड’ लिहून टाकलं, सगळ्यांसारखं,
आणि अठ्ठेचाळीस शब्द उरले ते तसेच सोडले.
प्रिंटचे वीस रुपये.

सकाळी दादा पत्र्यावर खडूनं गोल काढत होते.
वर न बघता म्हणाले, ‘काय भरलंस मग?’
‘खणायचं.’
गोल पूर्ण झाला. खडू कानावर गेला.
‘नखं काप,’ म्हणाले,
आणि हातोडी उचलली.